“जरा बघा हो, हे खरं आहे का?”: इंटरनेट, मोबाइल आणि फसवणूक यांबद्दल आमच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान मुळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं. पण तालुक्याच्या गावात नुसत्या दुरुस्तीवर भागत नाही, म्हणून झेरॉक्स आहे, प्रिंट आहे, ऑनलाइन फॉर्म भरून देणं आहे. लॅपटॉप उघडा पडलेला असतो, हातात स्क्रू ड्रायव्हर असतो आणि काउंटरपलीकडून कुणीतरी फोन पुढे करून विचारतं, “जरा बघा हो, हे खरं आहे का?” दिवसातून चार-पाच वेळा तरी. तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाची लिहून काढली. ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी फक्त पहिला प्रश्न वाचावा आणि कामाला लागावं.

पैसे गेलेत हो. आता काय करू?

१९३० हा नंबर फिरवा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी ही देशभरची हेल्पलाइन आहे. लागला नाही तर लागेपर्यंत फिरवत राहा. तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाला दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायला सांगा: कार्ड बंद, यूपीआय बंद, नेट बँकिंग बंद. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच घ्या. इंटरनेटवर शोधू नका, तिथे कस्टमर केअरच्या नावाने चोरांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. माणूस घाबराघुबरा होऊन शोधतो आणि दुसऱ्यांदा फसतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते.

एवढी घाई कशासाठी? तुमच्या खात्यातून गेलेली रक्कम एका ठिकाणी बसून राहत नाही. काही मिनिटांत ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरते आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख निघते. १९३० वर तक्रार झाली की पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे ते गोठवायची खटपट सुरू होते. चोराने काढून नेलेली रोख कुणी गोठवू शकत नाही. म्हणून फोन करताना व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम समोर ठेवा. यूपीआयचा व्यवहार असेल तर तो नंबर १२ अंकी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो.

बँकेच्या जबाबदारीबद्दलही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, भलत्याच कुणी खातं फोडलं, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर तोटा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंत तो तुमच्यावर येतो. मात्र पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा, आणि कळवल्यानंतर जो होईल तो बँकेचा. म्हणजे ओटीपी देऊन बसलात तरी लगेच कळवण्यात फायदा आहेच. बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा फोन १४४४८.

आमच्याकडे एक गृहस्थ फसल्यानंतर आठव्या दिवशी आले. मधले सात दिवस त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. “लोक हसतील,” म्हणाले.

माझ्या खात्यात असतात जेमतेम पाच-दहा हजार. मला कोण लुटणार?

चोराला तुमच्या खात्यात किती आहे हे माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसते. तो लाखभर नंबरांवर एकच मेसेज सोडतो. नदीत जाळं टाकणारा कुठल्या माशाला नावाने हाक मारतो?

शिवाय पैसा नसला तरी तुमचं खातं चोराच्या कामाचं असतं. वर म्हटलं ना, चोरीची रक्कम चार खात्यांतून फिरते, ती खाती असतात कुणाची? बऱ्याचदा कॉलेजच्या पोरांची. “तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, दोन टक्के तुझे.” पोराला वाटतं, बसल्या जागी पाच-सहाशे सुटले. मग पोलीस दारात येतात ते चोराच्या नाही, त्याच्या. खातं, एटीएम कार्ड, सिमकार्ड कुणालाही भाड्याने द्यायचं नाही, मित्रालाही नाही.

ओटीपी कुणाला सांगू नये हे पोरासोरांना माहीत आहे. तरी माणसं सांगतात कशी?

कारण चोर ओटीपी मागतच नाही. तो आधी घाई मागतो.

“आपले मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधा.” हा मेसेज तुम्हालाही आला असेल. वेळ बघा, रात्री साडेनऊ. तेव्हा महावितरणचं कार्यालय बंद, घरात म्हातारी माणसं, पोराची उद्या परीक्षा. मेसेजमधल्या नंबरवर फोन लावला की पलीकडचा ‘साहेब’ अगदी अदबीने बोलतो. “बिल भरलंय तुमचं, दिसतंय मला, फक्त सिस्टीमला अपडेट नाही. दहा रुपये भरून टाका, लगेच होईल.” त्यासाठी एक ॲप घ्यायला सांगतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा तसलंच काही. ही ॲप वाईट नाहीत, मी स्वतः गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करायला वापरतो. पण त्या ॲपमध्ये आलेला नऊ-दहा आकड्यांचा कोड तुम्ही त्याला सांगितला आणि ‘अलाऊ’ दाबलं, की तुमचा स्क्रीन त्याच्या समोर उघडा. तुम्ही दहा रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकता, तो बघतो. ओटीपीचा मेसेज वरून खाली घसरतो, तोही त्याला दिसतो. तुम्ही एक अक्षर न सांगता काम झालं. नंतर पोलिसांत माणूस शपथेवर सांगतो, “मी ओटीपी दिलाच नाही.” खरंच दिलेला नसतो.

मला शहाणपण फार आहे असं नाही. मीही एकदा अर्धा बुडालो होतो. एक सुटा भाग ऑनलाइन मागवला होता, दोन दिवस उशीर झाला होता, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. नेमका मेसेज आला, ‘पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल परत जात आहे, २५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा.’ लिंक उघडली, पत्ता भरला, कार्डाचे १६ आकडे भरले, मागचे तीन आकडे बघायला कार्ड उलटं केलं, तेवढ्यात दुकानात कुणीतरी झेरॉक्स मागितली. झेरॉक्स काढून परत आलो तेव्हा डोकं ताळ्यावर आलं होतं. पार्सलवाल्याने पत्त्यासाठी कधी पैसे मागितलेत? कार्ड त्याच मिनिटाला बंद केलं. पाच रुपयांच्या झेरॉक्सने वाचवलं मला.

जुना सोफा विकायला टाकला होता. घेणारा म्हणतो, कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील. येतील का?

नाही, जातील. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे येताना पिन नाही, स्कॅन नाही, ओटीपी नाही, काही म्हणजे काही नाही. समोरचा बहुधा “मी आर्मीत आहे, बदली झालीय” असं म्हणून ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आपल्याकडे घरटी नाही तरी गावटी दोन-चार जण सैन्यात असतात, त्यामुळे त्या गणवेशावर आपला पटकन विश्वास बसतो. चोराला हे ठाऊक आहे.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आलीय, उघडत नाही. काय करू?

उघडत नाही हे तुमचं नशीब. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. हाच प्रकार ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान यादी’, ‘बँक केवायसी’ या नावांनीही फिरतो. पाठवणारा ओळखीचा असला तरी फरक पडत नाही, कारण त्याचा फोन आधीच लागण झालेला असतो आणि त्याच्या नकळत पुढे पाठवत असतो.

हे ॲप आत गेलं की तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि आलेला प्रत्येक ओटीपी गुपचूप पुढे धाडतं. उघडलीच असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका, म्हणजे पुढे धाडणं थांबेल. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. मग ते ॲप काढा. निघत नसेल किंवा दिसतच नसेल (काहींना चिन्हच नसतं) तर फोटो उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा. आणि ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच. तिथेही कधीमधी खोटं सापडतं, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलपेक्षा ते शंभर पटींनी बरं.

लिंक खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?

आपल्याकडे नाव लिहिताना आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. घराणं कळतं ते शेवटच्या शब्दावरून. वेबसाइटच्या पत्त्याचंही तसंच. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबा आणि मागे मागे वाचत या. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ यांसारख्या शेपटीच्या लगेच आधी जे येतं ते आडनाव. समजा पत्ता आहे ‘तुमचीबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप’. इथे आडनाव ‘केवायसी-अपडेट’. ‘तुमचीबँक’ हे त्याने बाळाचं नाव ठेवावं तसं पुढे लावलंय, ते कुणीही लावू शकतं.

बँकांचं आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीखाली आणायला सांगितलं. ती शेपटी बँकांशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सरकारी साइटचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’.

एवढं सगळं जमत नसेल तर लिंकवर बोटच लावू नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा. खरंच काही काम असेल तर ते तिथेही दिसेलच.

पण पत्त्याच्या शेजारी कुलपाचं चिन्ह होतं!

त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं वाटेत कुणाला ऐकू येत नाही. साइट चोराची असेल तर तुमचं आणि चोराचं बोलणं सुरक्षित आहे. या गैरसमजापायीच गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून टाकलं.

पासवर्ड कसा असावा? आणि दर महिन्याला बदलायलाच पाहिजे का?

आधी कसा नसावा ते सांगतो, कारण दुकानात मला रोज दिसतात. गणपतीचं नाव आणि १२३. मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. महाराजांचा जयजयकार आणि ॲट द रेट १६३०. भक्ती ठीक आहे, पण चोरांच्या यादीत हे पहिल्या पानावर असतात.

लांबी महत्त्वाची. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द जोडा: पापड, मंगळवेढा, छत्री, कोयता. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की २५-३० अक्षरं होतात, मशीनला शोधायला कठीण आणि तुम्हाला डोळ्यांसमोर चित्र आणायला सोपं. (हा इथे छापून झाला, तुम्ही दुसरा शोधा.) म्हणी आणि अभंगाच्या ओळी नकोत, त्या सगळ्यांनाच पाठ असतात.

दर महिन्याला बदलायची गरज नाही. ठराविक दिवसांनी बदलायचा नियम अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या एका कागदातून जगभर पसरला. तो लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये सांगितलं, की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आपल्याला पस्तावा होतो. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा १ चा २ करतात, दुसरं काही नाही. पासवर्ड फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला.

खरा धोका वेगळाच आहे: सगळीकडे एकच पासवर्ड. कपड्यांच्या कुठल्यातरी साइटवर सहा वर्षांपूर्वी खातं काढलेलं असतं, तिथून पासवर्डांची यादी चोरीला जाते, आणि चोर तोच ईमेल, तोच पासवर्ड जीमेलला लावून बघतो. निदान ईमेल आणि बँक या दोघांना तरी स्वतंत्र पासवर्ड द्या. ईमेलला सर्वांत मजबूत द्या, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर बाकी सगळ्या किल्ल्या त्याच पेटीत येऊन पडतात.

एवढे लक्षात कसे ठेवायचे? वहीत लिहिले तर चालतील?

चालतील. यावर माझ्या धंद्यातली माणसं नाक मुरडतात, पण मला ते पटत नाही. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी येतात, त्यांची लाल कापडी बांधणीची वही आहे, प्रत्येक पानावर एक खातं, आणि प्रत्येक पासवर्डातला एक शब्द मुद्दाम गाळलेला. तो फक्त त्यांच्या डोक्यात. दप्तर सांभाळायची सवय हाडात मुरलेली. एवढंच बघा, की वही लॅपटॉपच्या पिशवीत नको आणि तिचा फोटो काढून फोनमध्ये तर मुळीच नको. एटीएमचा पिन कार्डाच्या पाकिटावर लिहिणाऱ्यांना मी काय सांगू.

जमत असेल तर पासवर्ड मॅनेजर वापरा. क्रोममध्ये, आयफोनमध्ये तो आतच असतो. त्याचा एक फायदा वहीत नाही: साइट खोटी असेल तर तो पासवर्ड भरून देत नाही, कारण त्याला पत्त्याचं आडनाव जुळलेलं दिसत नाही. तो गप्प बसला की आपण सावध व्हायचं.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन म्हणजे काय? कटकट नाही का ती?

घराला कुलूप लावून आतून कडीही घालण्यासारखं. पासवर्ड फुटला तरी दुसरी गोष्ट, म्हणजे फोनवर आलेला कोड किंवा होकार, चोराकडे नसते. कटकट नव्या मशीनवर पहिल्या वेळी होते, नंतर नाही. जीमेलला आजच लावा. लावताना दहा बॅकअप कोड मिळतात, ते छापून कपाटात ठेवा. फोन हरवला की त्यांचीच आठवण येते. आणि फोनला एकाएकी तासन्‌तास रेंज नसेल, शेजारच्याला मात्र असेल, तर तुमच्या नावाने दुसरं सिम निघालेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारा.

व्हॉट्सॲपवर मैत्रिणीने सहा आकडी कोड मागितला, मी दिला. आता माझं व्हॉट्सॲप माझ्याकडे नाही.

मागणारी मैत्रीण नव्हती, तिचं खातं आधीच पळवलेलं होतं. ॲप पुन्हा टाका, आपला नंबर भरा, एसएमएसने नवा कोड येईल तो टाका, चोर बाहेर फेकला जाईल. त्याने मध्येच स्वतःचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. तोवर ओळखीच्या सगळ्यांना फोन करून सांगा की माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. परत मिळालं की सेटिंगमध्ये टू-स्टेपचा पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही दिसतंय का बघा.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणतात, तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलंय.

कॉल बंद करा. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काहीही आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या फसवणुकीची आपणहून दखल घेऊन तपास सीबीआयकडे दिला. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर पैसे भरायला लावत नाहीत, आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून पैसे ठेवायचं रिझर्व्ह बँकेचं कुठलंही खातं नसतं.

ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण त्या माणसाच्या जागी बसून बघा. एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे प्रिंट काढायला आल्या. कानाला इयरफोन, फोन पर्समध्ये उभा, कॅमेरा चालू. त्यांना मुदत ठेव मोडायचा अर्ज छापायचा होता. बोलेनात. नुसतं कागदाकडे बोट दाखवत होत्या आणि हात थरथरत होता. मी एका कागदावर लिहिलं, ‘कुणी धमकी देतंय का?’ त्यांनी मान हलवली. पर्समधला फोन मी काढून बंद केला, तेव्हा त्या आधी माझ्यावरच ओरडल्या, “आता मला खरंच नेतील!” दोन दिवस त्या घरात तशा बसून होत्या, स्वयंपाकसुद्धा कॅमेऱ्यासमोर. ‘कुणाला सांगितलंत तर त्यालाही अटक होईल’ असं बजावलेलं. ज्या बाईंनी चाळीस वर्षं शाळेत पोरांना धाकात ठेवलं, त्यांना गणवेशातल्या एका आवाजाने कोपऱ्यात बसवलं. कायदा पाळणारी माणसंच यात जास्त सापडतात.

गप्प ठेवणं हे या फसवणुकीचं मुख्य हत्यार आहे. ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हटलं, की पहिलं काम म्हणजे शेजारी जाऊन सांगणं.

मुलगा अमेरिकेत आहे. फोन आला, आवाज त्याचाच होता, रडत होता…

आवाजाची नक्कल आता मशीन करतं, आणि नमुना म्हणून सोशल मीडियावरचे छोटे व्हिडिओ पुरतात. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावा. तिकडे रात्र असली तरी लावा, ओरडला तर ओरडू दे. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. गडाच्या दरवाजावर विचारायचे तसा. आजीच्या गाईचं नाव, असं काहीतरी, जे फेसबुकवर कुठे नाही.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

मी विकतो, तरी सांगतो: घरच्या वापराला विंडोजमध्ये आतच असलेला डिफेंडर बहुतेकांना पुरतो. फुकट मिळालेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरपुढे मात्र विकतचाही फार टिकत नाही, कारण ते टाकताना तुम्हीच अँटिव्हायरस बंद करता.

अपडेट सारखे मागतं. टाळलं तर काय होतं?

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाला ठिगळ दिलं. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस नेमका त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतली मशीनं कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. ज्यांनी दोन महिने अपडेट टाळलं होतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने इतर युक्त्यांबरोबर तेच भोक वापरलं, मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा पाडली, आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. भोक मशीनमध्ये, खोळंबा रस्त्यावरच्या कंटेनरांचा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचं मशीन विंडोज ११ ला चालत नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. तेही काही काळापुरतंच आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचा फोन असेल आणि त्याला अपडेट येणं बंद झालं असेल, तर त्यावर गाणी ऐका, बँक नको.

बाहेर प्रिंट काढताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न मला कुणी विचारत नाही, मीच घुसडतोय. रात्री दुकान बंद करताना मी डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं करतो. काय नसतं त्यात! आधार, पॅन, दहावीची मार्कशीट, सातबारा, एका जोडप्याचा घटस्फोटाचा अर्ज. दोन-तीन जणांचं व्हॉट्सॲप वेब तसंच चालू असतं आणि त्यांच्या सासरचे मेसेज माझ्या स्क्रीनवर येत असतात. मी पुसतो, सगळे पुसतात असं नाही. म्हणून फाइल पाठवा, प्रिंट घ्या आणि समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही. दुकानदाराला राग येत नाही. व्हॉट्सॲप वेबमधून आपल्या फोनवरूनच लॉग आउट करा.

डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव आणि जन्मसाल माहीत आहे तो कुणीही तो ओळखेल. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

स्टेशनवरचं फुकट वायफाय?

बातम्या वाचा, गाणी ऐका. पूर्वीइतका धोका आता राहिलेला नाही, पण बँकेचं काम असेल तर आपला मोबाइल डेटा वापरा. काही पैशांचा प्रश्न आहे.

बोटाच्या ठशावरून खात्यातले पैसे जातात म्हणे?

काही राज्यांत झालंय तसं. जमिनीच्या दस्तावरचे अंगठे उचलून रबरी ठसे बनवले आणि आधारवर पैसे देणाऱ्या मशीनवर टेकवले. इथे ओटीपीचा प्रश्नच नव्हता. उपाय फुकट आहे: आधारच्या साइटवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, रेशनला किंवा सिमला ठसा द्यायचा असेल तेव्हा थोडा वेळ उघडा.

फोटो आणि कागदपत्रं सुरक्षित कशी ठेवू?

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक घराबाहेर. फोनमध्ये, एका हार्ड डिस्कवर, आणि क्लाउडमध्ये किंवा बहिणीच्या घरी. हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा. सतत जोडलेली असेल तर खंडणीवाला व्हायरस तिलाही कुलूप लावतो. माझ्याकडे ड्रॉवरमध्ये मेलेल्या डिस्कांचा ढीग आहे. त्यातल्या एकीत एका कुटुंबाचे मुलाच्या बारशापासूनचे सगळे फोटो आहेत. ते अजून दर दिवाळीला येऊन विचारतात, काही झालं का म्हणून.

फोन हरवला तर?

आधी सिम बंद करा आणि बँकेला सांगा. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवीन सिम घ्या आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर हरवलेला हँडसेट ब्लॉक करा. त्याला आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो. तो आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून बघा आणि वहीत लिहा. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. आमच्या शेजारच्या वाण्याच्या नावावर पाच निघाली, त्याने घेतलेली दोन.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावू का?

लावा. पण टिकली लावू नका, काढताना डिंक काचेवर राहतो आणि मग मीटिंगमध्ये सगळं धुरकट दिसतं म्हणून लॅपटॉप माझ्याकडे दुरुस्तीला येतो.